नॉर्वे व कॅनडा यांचा ओंडक्यांचा व्यापार

(१) युरोपांतील आरमारांचा, नगरांचा व समुद्रावरील व्यापाराचा इतिहास लिहितांना लांकडाच्या व्यापाराचा उल्लेख बहुधा एका वाक्यांत आटोपण्यांत येतो. प्रथम नॉर्वेनें लांकूड पुरविलें, पुढें तेथील अरण्यें सरलीं, आणि मग कॅनडानें तें पुरविलें, असें त्या वाक्याचें तात्पर्य असतें. त्यांत कांहीं सत्यांश आहे. परंतु दोन्ही देशांच्या सनदा, जकातीचे दर व मापांचीं कोष्टकें कालानुक्रमानें शेजारीं शेजारीं मांडलीं असतां तें वाक्य टिकत नाहीं, असें आमचें मत झालें आहे. तें कां टिकत नाहीं हें येथें क्रमानें सांगावयाचें आहे. विषय परदेशचा खरा. पण जुन्या जकातीच्या कागदांवरून व्यापाराचें अनुमान कसें करावें व कसें करूं नये, हा प्रश्न आपल्याकडील दफ्तरें वाचणारांसहि तितकाच लागू आहे.

प्रथम कांहीं शब्दांचा अर्थ निश्चित करूं. मृदुकाष्ठ म्हणजे पाइन, स्प्रूस वगैरे सूचिपर्णी झाडांचें लांकूड. तें जहाजावर तीन रूपांनीं चढे. पहिलें रूप साल काढलेला किंवा सालीसकट गोल ओंडका. दुसरें, कुऱ्हाडीनें चारी बाजूंनीं तासलेला चौकोनी सोट. तिसरें, करवतून काढलेली जाड फळी, जिला इंग्रज व्यापारी 'डील' म्हणत. ओंडका अगर सोट विकला तर करवतीची मजुरी घेणाराच्या देशांत राहते; फळी विकली तर ती विकणाराच्या देशांत राहते. हा भेद ध्यानांत न ठेवतां 'लांकूड' एवढ्या एकाच शब्दाखालीं सर्व आंकडे एकत्र केल्यामुळें पुष्कळ घोटाळा झाला आहे.

(२) नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील फ्योर्डांतून सोळाव्या शतकापासून लांकूड बाहेर जाऊं लागलें. पाण्याच्या जोरावर चालणारी करवत त्या देशांत त्याच शतकांत पसरली. पश्चिमेकडील रीफील्के प्रांतांतून स्कॉटलंडचे लोक फळ्या नेत. दक्षिणेकडून डच लोक ओंडके, वासे व डोलकाठ्या नेत. इ. स. १५५० पासून १७५० पर्यंतच्या कालास तेथील किनाऱ्यावर अद्यापि 'हॉलंडचा काळ' असें म्हणतात. ॲम्स्टरडॅम शहर दलदलीवर वसलेलें असल्यामुळें तेथें प्रत्येक मोठ्या इमारतीखालीं लांकडी खुंट ठोकावे लागत. इ. स. १६४८ मध्यें आरंभिलेलें तेथील नगरगृह, जें आज राजवाडा म्हणून ओळखलें जातें, तें १३,६५९ खुंटांवर उभें आहे. ॲम्स्टरडॅम नॉर्वेवर उभें आहे अशी जी लोकोक्ति झाली तिचें मूळ यांत आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. डच लोक ओंडके अधिक मागत, इंग्रज फळ्या अधिक मागत. अरण्य तेंच, बंदरें तींच. मग हा भेद कां? कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून यानें इ. स. १५९४ च्या सुमारास वाऱ्यावर चालणारी करवत बनविली, आणि पुढच्या शतकांत झान नदीच्या कांठीं अशा पवनकरवतींची रांगच उभी राहिली. त्यांस खाद्य ओंडक्यांचें हवें होतें. इंग्लंडांत मात्र लांकूड हातानें कापीत. खड्ड्यांत एक व वर एक असे दोन मजूर करवत ओढीत, आणि यंत्रास त्यांचा कडवा विरोध असे. चार्ल्स डिंग्ली यानें लंडनजवळ लाइमहाउस येथें पवनकरवत उभारली, तेव्हां इ. स. १७६८ मध्यें करवत्यांच्या जमावानें ती मोडून टाकली. ज्या देशांत यांत्रिक करवत नव्हती त्यानें नॉर्वेकडून कापलेली फळी घेतली. ज्या देशांत ती होती त्यानें ओंडका घेतला. म्हणजे ओंडक्यांच्या निर्गतीचा आंकडा हा अरण्याच्या विस्ताराचा निदर्शक नसून करवत कोठें उभी आहे याचा निदर्शक आहे. पुढील सर्व विवेचनाचा हाच पाया आहे.

(३) करवत कोठें उभी राहावी हें तरी कोण ठरवितें? नॉर्वेच्या बाबतींत तें राजाज्ञेनें ठरलें. त्या वेळीं नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालीं होता. इ. स. १६६२ च्या सनदांनीं लांकडाचा व्यापार शहरवासी व्यापाऱ्यांकडे सोंपविण्यांत आला. शेतकऱ्यानें आपल्या रानांतील लांकूड परदेशी तांडेलास परस्पर विकणें बंद झालें. नंतर इ. स. १६८८ मध्यें निर्गतीसाठीं फळ्या कापण्याचा हक्क ठराविक करवतींनाच देण्यांत आला व त्यांपैकीं प्रत्येकीनें वर्षांत किती फळ्या कापाव्या याची मर्यादा घालून देण्यांत आली. अरण्यें वांचावीं हा हेतु सांगण्यांत आला होता. परिणाम असा झाला कीं, हक्कदार करवतींचे मालक श्रीमंत झाले आणि लहान करवती स्थानिक गरजेपुरत्या उरल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्रिस्तियानिया (आजचें ऑस्लो) येथें बर्न्ट अँकर (इ. स. १७४६–१८०५) यासारखे जे लांकडाचे धनाढ्य व्यापारी दिसतात, त्यांच्या वैभवाच्या मुळाशीं ही मक्तेदारी होती.

या काळाच्या अभ्यासकास एक धोका सांगणें अवश्य आहे. बाल्टिक समुद्राच्या तोंडाशीं हेल्सिंगर येथें डेन्मार्कचा राजा इ. स. १४२९ च्या सुमारापासून १८५७ पर्यंत येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांकडून जकात घेत असे. तिचीं हस्तलिखित पुस्तकें १४९७ पासूनचीं, व १५७४ पासून बहुतेक अखंड, कोपनहेगनच्या सरकारी दफ्तरांत आहेत. नीना एलिंगर बांग या विदुषीनें त्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध करण्यास १९०६ मध्यें आरंभ केला, आणि अलीकडे सुमारें १८ लाख फेऱ्यांच्या नोंदी संगणकावर चढवून सर्वांस खुल्या झाल्या आहेत. इतकें विपुल साधन पाहून कोणीहि हर्षेल. पण नॉर्वेचीं लांकडाचीं बंदरें त्या सामुद्रधुनीच्या बाहेर आहेत. तेथून हॉलंडला अगर इंग्लंडला निघालेलें जहाज हेल्सिंगरवरून जातच नसे. त्यामुळें त्या पुस्तकांत रिगा व डान्झिग येथील लांकूड दिसतें, नॉर्वेचें जवळजवळ दिसत नाहीं. केवळ तीं पुस्तकें पाहून नॉर्वेचा व्यापार क्षुल्लक होता असें कोणी म्हटल्यास, नाक्यावरून न गेलेला माल अस्तित्वांतच नव्हता असें म्हटल्यासारखें होईल.

(४) आतां कॅनडाकडे वळूं. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत सेंट लॉरेन्स व ओटावा या नद्यांच्या कांठचीं पांढऱ्या पाइनचीं अफाट रानें ब्रिटिशांच्या ताब्यांत असूनहि तेथून इंग्लंडास जाणारें लांकूड थोडें होतें. कारण उघड होतें. नॉर्वेहून लंडनला उत्तर समुद्र ओलांडला कीं पोंचतां येई. क्वेबेकहून अटलांटिक ओलांडावा लागे. जहाजभाड्यांतच मालाची किंमत बुडून जाई. अरण्य असलें म्हणजे व्यापार होतोच असें मानणारांनीं या काळाचा विचार करावा.

स्थिति पालटली ती युद्धामुळें. नेपोलियननें इ. स. १८०६ च्या नोव्हेंबरांत बर्लिन येथून इंग्लंडच्या व्यापारावर बंदी घालणारें फर्मान काढलें. १८०७ च्या जुलैंत टिल्सिट येथें रशिया त्यास मिळाला. त्याच वर्षीं इंग्रजांनीं कोपनहेगनवर तोफा डागल्या आणि डेन्मार्क-नॉर्वे शत्रुपक्षांत गेला. परवाने घेऊन कांहीं काळ थोडा व्यापार चालला, पण नॉर्वेच्या व्यापाराचा कणा मोडला. १८१४ मध्यें कील येथील तहानें तो देश डेन्मार्ककडून स्वीडनच्या राजाकडे गेला.

इंग्लंडनें या संकटावर जो उपाय योजला तो संकट टळल्यावरहि चालूं राहिला, आणि तोच आमच्या मतें निर्णायक आहे. परक्या देशांच्या लांकडावरील जकात १७९५ मध्यें दर लोडास दहा शिलिंगांहूनहि कमी होती. ती वाढत वाढत १८१३ च्या सुमारास ६५ शिलिंगांवर गेली. १८२१ मध्यें दर पुनः ठरविण्यांत आले, तेव्हां परक्या लांकडावर ५५ शिलिंग व वसाहतींच्या लांकडावर १० शिलिंग अशी व्यवस्था झाली. दर लोडामागें ४५ शिलिंगांचा हा फरक म्हणजे अटलांटिकवर बांधलेला पूलच होय. नॉर्वेवर आणखी एक अन्याय असा कीं, फळ्यांवरील जकात घनमापावर नसून लांबीचे ठोक वर्ग पाडून नगांवर घेत. नॉर्वेची फळी आंखूड व लहान. त्यामुळें तिच्या घनमापाच्या मानानें कर अधिक बसे.

(५) या पुलावरून कॅनडाचा जो माल आला तो प्रथम मुख्यतः चौकोनी सोटांचा होता. मॅसॅच्युसेट्समधून येऊन आजच्या ओटावा शहरासमोरच्या तीरावर वसाहत केलेल्या फिलेमन राइट यानें इ. स. १८०६ च्या उन्हाळ्यांत पहिला तराफा क्वेबेकला नेला. तेव्हां बर्लिनचें फर्मान निघालेलें नव्हतें, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. फर्मानानें त्याच्या मालास बाजार मिळवून दिला, साहस त्याचें स्वतःचेंच होतें. हिवाळ्यांत झाड पाडावें, रुंद पात्याच्या कुऱ्हाडीनें चारी अंगें तासावीं, बर्फावरून बैलांनीं किंवा घोड्यांनीं नदीपर्यंत ओढावें, वसंतांत पाणी चढलें कीं सोट बांधून तराफा सोडावा, असा क्रम असे. धबधब्याशीं तराफ्याचे भाग सोडवून एकेक खालीं न्यावे लागत. फिलेमनचा पुत्र रगल्स राइट यानें १८२९ मध्यें शोदिएर येथील धबधब्यास बगल देणारी लांकडी घसरण बांधली, तेव्हां हें काम सुकर झालें. सोट चौकोनी करण्याचें कारण जहाजाच्या पोटांत तो गच्च बसावा हें होतें. तासण्यांत झाडाचा चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग रानांतच टाकला जाई, आणि त्या वाळलेल्या ढलप्या वणव्यास आमंत्रण देत.

जकातीचें वर्चस्व किती होतें हें दाखविणारी एक कथा आहे. इ. स. १८२४ मध्यें क्वेबेकजवळ 'कोलंबस' व पुढच्या वर्षीं 'बॅरन ऑफ रेन्फ्रू' अशीं दोन प्रचंड जहाजें बांधण्यांत आलीं. इंग्लंडास पोंचल्यावर जहाजच मोडून त्याचें लांकूड विकावें आणि त्यावरील जकात चुकवावी असा बेत होता. 'कोलंबस' थेम्समध्यें सुखरूप पोंचलें. पण मालकांनीं लोभानें त्यास दुसऱ्या खेपेसाठीं परत पाठविलें आणि तें १८२५ मध्यें बुडालें. 'बॅरन ऑफ रेन्फ्रू' त्याच वर्षीं थेम्सच्या मुखाबाहेरील वाळूंत रुतलें आणि त्याचे अवशेष फ्रान्सच्या किनाऱ्यास लागले.

परतीच्या खेपेस लांकडाच्या जहाजांना माल मिळत नसे. म्हणून त्यांत माणसें भरीत. जेथें सोट रचलेले असत तेथेंच कच्च्या फळ्यांचीं बिछायतीं ठोकून आयर्लंडांतील व स्कॉटलंडांतील निर्धन लोकांस अमेरिकेस नेत. इ. स. १८४७ च्या दुष्काळाच्या वर्षीं क्वेबेकखालच्या ग्रोस बेटावर तापानें जे हजारों लोक मेले, त्यांपैकीं पुष्कळ अशाच जहाजांतून आलेले होते. जकातीच्या कोष्टकांत या मनुष्यांस रकाना नाहीं; पण त्या कोष्टकांतील ४५ शिलिंगांशीं त्यांच्या प्रवासाचा संबंध आहे.

(६) दोन देशांचे आंकडे शेजारीं ठेवतांना सर्वांत मोठी अडचण मापांची आहे. चौकोनी लांकडाचें एक लोड म्हणजे ५० घनफूट, परंतु गोल ओंडक्यांचें ४० घनफूट. फळ्यांचें माप 'स्टँडर्ड', आणि तें बंदरागणिक निराळें. क्रिस्तियानियाच्या स्टँडर्डांत ११ फूट लांब, ९ इंच रुंद व सव्वा इंच जाड अशा १२० फळ्या. म्हणजे १०३⅛ घनफूट. पीटर्सबर्गच्या स्टँडर्डांत १२ फूट लांब, ११ इंच रुंद व दीड इंच जाड अशा १२० फळ्या. म्हणजे १६५ घनफूट. क्वेबेकच्या स्टँडर्डांत १२ फूट लांब, ११ इंच रुंद व अडीच इंच जाड अशा १०० फळ्या. म्हणजे २२९⅙ घनफूट. यावरून क्रिस्तियानियाचें एक स्टँडर्ड क्वेबेकच्या स्टँडर्डाच्या शेंकडा ४५ इतकेंच भरतें. शिवाय उत्तर युरोपच्या कागदांत 'शंभर' म्हणजे पुष्कळदां १२० नग असतात; कॅनडाच्या कागदांत १०० म्हणजे १००. आपल्याकडे खंडी म्हणजे २० मण हें सामान्यतः खरें. पण मण किती शेरांचा व शेर किती तोळ्यांचा हें पेठेपेठेस निराळें असल्यामुळें ज्यांनीं जमाखर्चाचे कागद वाचले आहेत त्यांस ही अडचण नवी वाटणार नाहीं.

क्वेबेक येथें या गोंधळास आळा घालण्यासाठीं इ. स. १८४२ च्या कायद्यानें मापाऱ्यांचें एक सरकारी खातें स्थापण्यांत आलें. निर्गतीचें लांकूड मोजून, प्रत ठरवून त्याची नोंद करणें हें त्याचें काम. नॉर्वेचे जुने हिशेब मात्र बहुधा 'लेस्त' या जहाजाच्या धारणेच्या मापांत आहेत. एकीकडे सोट मोजलेला, दुसरीकडे जहाजाचें पोट मोजलेलें. हे दोन आंकडे वजाबाकीस योग्य नव्हेत.

(७) इ. स. १८४२ पासून इंग्लंडचें धोरण पालटलें. पील याच्या अर्थसंकल्पानें वसाहतींच्या लांकडावरील जकात १ शिलिंग केली व परक्या लांकडावरील १८४३ पासून २५ शिलिंग केली. १८५१ मध्यें ती साडेसात शिलिंग झाली, १८६० मध्यें दोन्ही दर १ शिलिंगावर समान झाले आणि १८६६ मध्यें जकात समूळ गेली. पूल काढून घेतला गेला.

याच सुमारास दोन्ही देशांच्या इतिहासाचे धागे एकमेकांत गुंतले. इंग्लंडचे नौकानयनाचे जुने कायदे १८४९ मध्यें रद्द झाले. पुढच्या वर्षापासून नॉर्वेचीं जहाजें आपल्या देशांतील स्थलांतर करणारीं कुटुंबें क्वेबेकला नेऊं लागलीं आणि परत येतांना कॅनडाचें लांकूड इंग्लंडच्या बंदरांत उतरवूं लागलीं. तेव्हां १८५० नंतरच्या इंग्रजी बंदराच्या नोंदींत 'नॉर्वेचें जहाज, माल लांकूड' असें दिसलें तर तें लांकूड नॉर्वेचेंच असेल असें धरून चालतां येत नाहीं. निघाल्याचें बंदर पाहिलेंच पाहिजे.

नॉर्वेनें १८५४ च्या कायद्यानें करवतींचे जुने हक्क रद्द केले. तो कायदा १८६० पासून पूर्णपणें अमलांत आला. लगेच ग्लोमा नदीच्या मुखाशीं फ्रेड्रिकस्टाड येथें वाफेच्या करवती उभ्या राहिल्या व त्या गांवास 'फळ्यांचें शहर' असें नांव पडलें. वरच्या बाजूस फेटसुंड येथें नदींत ओंडके निवडण्याचा बांध १८६१ मध्यें सुरू झाला. तो १९८५ पर्यंत चालला व आतां संग्रहालय म्हणून जतन केला आहे. नॉर्वेच्या लांकडाच्या निर्गतीनें १८७० नंतरच्या दशकांत उच्चांक गांठला.

(८) येथें प्रचलित मताची परीक्षा होते. नॉर्वेचा व्यापार अरण्यें सरल्यामुळें गेला असता तर तीच अरण्यें साठ वर्षांनंतर पूर्वीपेक्षां अधिक फळ्या देतीं ना. त्या मतांतील सत्यांश असा कीं, किनाऱ्याजवळचीं जाडजूड झाडें खरोखरच विरळ झालीं होतीं, आणि मोठ्या डोलकाठ्यांसाठीं हॉलंड व इंग्लंड यांस रिगा व अमेरिका यांकडे पाहावें लागलें. उणीव जाडीची होती, लांकडाची नव्हती. १८०७ नंतरची घसरण युद्धाची व जकातीची. १८६० नंतरचा उदय जकात उठल्याचा व करवत मोकळी झाल्याचा.

कॅनडानें हाच धडा उलट बाजूनें गिरविला. इंग्लंडचा आश्रय सुटतांच त्याचें लांकूड संयुक्त संस्थानांकडे वळलें. १८५४ ते १८६६ पर्यंतच्या परस्पर-सवलतीच्या तहानें त्यास वाट करून दिली. शतकाच्या शेवटच्या दशकांत ओंटारिओचे ओंडके सरोवरावरून ओढून मिशिगनच्या करवतींकडे जाऊं लागले. १८९७ मध्यें संयुक्त संस्थानांनीं कापलेल्या लांकडावर जकात बसविली, तेव्हां ओंटारिओनें १८९८ मध्यें असा कायदा केला कीं, सरकारी रानांतील पाइनचे ओंडके कॅनडांतच कापले पाहिजेत. मिशिगनच्या कांहीं करवतवाल्यांनीं मग आपले कारखानेच सरहद्दीपलीकडे नेले. ब्रिटिश कोलंबियानें १९०६ मध्यें तसाच नियम केला. ओटावाखोऱ्यांतील चौकोनी सोटांचा शेवटचा तराफा १९०८ मध्यें गेला असें सांगतात. नॉर्वेंत एकविसाव्या शतकांत याच्या उलट घडलें. तोफ्ते येथील लगद्याचा मोठा कारखाना २०१३ मध्यें बंद पडला व तेथील ओंडके मोठ्या प्रमाणावर स्वीडन व जर्मनी यांकडे जाऊं लागले. अरण्य कमी झालें नव्हतें. देशांतील गिऱ्हाईक गेलें होतें.

(९) यावरून आम्ही तीन गोष्टी सिद्ध झाल्या असें समजतों. ओंडक्यांची निर्गत वाढली म्हणून देश समृद्ध झाला अगर रान उजाड झालें असें अनुमान करूं नये; प्रथम करवत कोठें होती तें पाहावें. करवत व बाजार यांच्या जागा बहुतांशीं सनदांनीं व जकातींनीं ठरविल्या. म्हणून व्यापाराचीं पुस्तकें दरांच्या कोष्टकांवांचून वाचूं नयेत. आणि मापांचा उलगडा होईपर्यंत दोन देशांच्या बेरजा एकत्र मांडूं नयेत.

संग्राहकांस एक विनंती करून हा लेख पुरा करतों. जुन्या दफ्तरांतून पत्रें, सनदा व मोर्तबें निवडून घेतात, आणि दरपत्रकें, मापांचे तक्ते, नाक्यांच्या याद्या रद्दींत जातात. वरील प्रकरणीं अशा कोष्टकांवांचून दोन्ही देशांचे आंकडे मुके राहिले असते. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते टाकूं नयेत, व ज्या नाक्याचे ते असतील त्या नाक्यावरून कोणता माल जात नसे याचीहि चौकशी करून टिपण ठेवावें.